खाजणातले प्रात्यक्षिक

कलाशाखेच्या विद्यार्थ्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल कशासाठी लागावा, हा प्रश्न गेल्या वर्षी मला फाटकावरच्या शिपाईमामांपासून मराठीच्या सरांपर्यंत पुष्कळांनी विचारला. एकदा तर ग्रंथालयाच्या पायरीवर माझ्या पिशवीतून ओली माती सांडली आणि ‘भूगोलवाल्यांना बाहेर ठेवा’ असा प्रेमळ हुकूम सुटला. त्या सर्वांना त्या वेळी उत्तर देता आले नाही, ते येथे देतो. तृतीय वर्षाला भूगोल घेतला, की क्षेत्रीय अभ्यास हा करावाच लागतो. आमच्या तुकडीने तो भाईंदरच्या पश्चिमेकडील खाजणात केला. त्याच्या पद्धती काय असतात, आणि त्या शिकताना मी दोन वेळा कसा तोंडघशी पडलो, एवढेच सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

राई, मुर्धे, मोर्वे हा पट्टा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. उत्तरेस वसईची खाडी, तिच्या काठाने तिवरांची दाट झाडी, मग मिठागरांचे चौकोन, त्यामागे बांध घालून समुद्रापासून सोडवलेली भातखाचरे आणि मग गाव. आपल्यापैकी बहुतेकांनी मिठागरे पाहिली ती लोकलच्या खिडकीतून. माझा जन्म मात्र त्याच पट्ट्यातला. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. दरम्यान शेतांची जागा इमारतींनी घेतली. आमच्या घराचे वीस गुंठ्यांचे एक खाचर तेवढे अजून आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका मोठ्या उधाणाला उघाडीची फळी सुटली, बांधाला खांड पडली आणि खाडीचे पाणी आत शिरले. तेव्हापासून ते पडीक होते. गेल्या हिवाळ्यात दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि काकांनी मिळून खांड बुजवली, नवी फळी बसवली. आजोबांची, ज्यांना आम्ही बाबा म्हणतो, त्यांची एकदा तरी पुन्हा तिथे भात पाहण्याची इच्छा होती. पण बी, मजुरी, चिखलणी यांचा खर्च करावा की नाही, याबद्दल घरात दोन तट होते. ‘तुमच्या कॉलेजात माती तपासतात ना?’ असे दादांनी एके रात्री जेवताना विचारले, आणि माझ्या अभ्यासाचा विषय ठरला.

वर्गाचे पहिले काम मात्र शेतात नव्हते, तिवरांत होते. आमच्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितले, की पुस्तक उघडण्याआधी पंचांग उघडा. खाजणात केव्हा जायचे हे घड्याळ ठरवत नाही, चंद्र ठरवतो. याबाबतीत मी वर्गात थोडा भाव खाऊन घेतला, कारण कोळी-आगऱ्यांच्या घरातला हिशेब मला तोंडपाठ होता : तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. खाडीत आत जावे तसा थोडा उशीर होतो, एवढे लक्षात ठेवायचे. म्हणजे अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. शिवाय ती भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. दिवसाउजेडी चार तास काम करायचे तर अष्टमीसारखा दिवस नाही. मीरा रोडच्या माझ्या मित्राने भ्रमणध्वनीवर भरतीचे वेळापत्रक काढले आणि पाऊणपटीशी ताडून पाहिले. फरक अर्ध्या तासाचा निघाला. त्या दिवसापासून तो मला पंचांगकर्ते म्हणू लागला.

तिवरांत दोन साधनांनी काम चालते. एक छेदरेषा, दुसरी चौकट. छेदरेषा म्हणजे खाडीच्या काठापासून गावाच्या दिशेने ताणलेली सरळ दोरी. दोरीवर ठरावीक अंतराने थांबायचे आणि तिथे काय आहे ते लिहायचे. ही रेषा पाण्याला समांतर धरून उपयोग नाही, काटकोनात धरावी लागते, कारण खाजणात सगळा बदल पाण्यापासून जमिनीकडे होत जातो. भरती जिथे रोज पोचते तिथे एक वनस्पती, उधाणालाच पोचते तिथे दुसरी, आणि जिथे क्वचित पोचून वाळते तिथे मिठाची पांढरी साय धरलेली उघडी जमीन. चौकट म्हणजे दोरीने आखलेला चौरस. मोठ्या झाडांना दहा मीटर बाजूचा, रोपांना एक मीटरचा. चौकटीत जे आहे ते सगळे मोजायचे, बाहेरचे कितीही सुंदर असले तरी सोडायचे. झाडाचा घेर जमिनीपासून एक मीटर तीस सेंटिमीटर उंचीवर घ्यायचा असा संकेत आहे. पण तिवर हे झाड असे, की त्या उंचीच्या आतच त्याला तीन-चार फांद्या फुटलेल्या असतात. मग घेर कोणाचा घ्यायचा? आम्ही त्यावर चिखलात उभे राहून अर्धा तास वाद घातला आणि शेवटी प्रत्येक खोड वेगळे मोजून ‘एकच झाड’ अशी खूण करायचे ठरवले.

रोपांच्या चौकटीत तर गंमतच झाली. मी मोजली तेव्हा रोपे एकेचाळीस भरली, मित्राने मोजली तेव्हा सदुसष्ट. दोघेही आपापल्या मोजणीवर ठाम. उलगडा असा झाला, की मी पाने फुटलेलीच रोपे धरत होतो, तो नुकते रुजलेले बीसुद्धा धरत होता. आणि मधे एकदोन ठिकाणी त्याने तिवराची श्वसनमुळे, ती चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, तीही रोपे समजून मोजली होती. ‘रोप म्हणजे काय’ हे आधी लिहून काढल्याशिवाय रोपे मोजता येत नाहीत. तर्कशास्त्राच्या तासाला व्याख्येचे महत्त्व आम्ही पाठ केले होते. ते पटले तिवराच्या बुंध्याशी.

ही चौकटीची पद्धत वनस्पतिशास्त्रात रूढ करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ पुढे कायद्याचे मोठे पंडित झाले, हे वाचून मला फार बरे वाटले. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स हे दोन तरुण गवताळ प्रदेशाचा अभ्यास करीत होते. कोणते गवत जास्त आणि कोणते कमी, हे नुसत्या नजरेने सांगता येते अशी तोवरची समजूत. त्यांनी पाच मीटर बाजूचे चौरस आखून एकेक रोप मोजले, तेव्हा अनुभवी नजरही किती फसते ते उघड झाले. हे त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केले. त्यांतले पाउंड १९१६ साली हार्वर्डच्या विधि विद्याशाखेचे प्रमुख झाले. साक्षीदाराच्या डोळ्यांवर किती विसंबावे, हा धडा त्यांनी गवतातच घेतला असला पाहिजे, असा आपला माझा तर्क.

आता मातीकडे वळू. माती प्रथम डोळ्यांनी आणि बोटांनी वाचायची असते. खाजणातला चिखल वरून तपकिरी, बोटभर खाली गेले की निळसर काळा, आणि वास कुजक्या अंड्याचा. हा वास घाणीचा नव्हे. पाण्याखाली प्राणवायू संपला, की काही जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटवर भागवतात आणि त्यातून हा वायू निघतो. त्याच काळ्या चिखलात बारीक मुळांभोवती मात्र नारिंगी गंजाच्या रेघा दिसतात. मुळे वरून आणलेला प्राणवायू थोडा बाहेर झिरपतो आणि तिथले लोह गंजते. झाड श्वास घेते आहे याचा तो लेखी पुरावाच. रंगाचे नाव ‘काळपट’ असे लिहून चालत नाही. त्यासाठी रंगपट्ट्यांचे पुस्तक असते, त्याच्या पानांना भोके असतात. भोकामागे मातीचे ढेकूळ धरायचे आणि जुळणाऱ्या पट्टीचा क्रमांक लिहायचा. हे पुस्तक ज्याच्या नावाने ओळखले जाते तो अल्बर्ट मन्सेल बोस्टनमधला चित्रकार आणि चित्रकलेचा शिक्षक होता. त्याची रंगलेखनपद्धती १९०५ साली पुस्तकरूपाने आली, ती चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी. मृदाशास्त्रज्ञांनी ती पुढे उचलली. तेव्हा कलाशाखेचे आणि मातीचे नाते फारसे दूरचे नाही.

बोटांची परीक्षा आणखी सोपी. भाकरीच्या पिठाइतकी ओली केलेली माती अंगठा आणि तर्जनी यांत दाबून तिची पट्टी पुढे सरकवीत न्यायची. पट्टी लगेच तुटली तर वाळू जास्त, पाच सेंटिमीटरच्या पुढे न तुटता गेली तर चिकणमाती. आमच्या खाचराच्या मातीची पट्टी इतकी लांब गेली, की आईने ती पाहून ‘मोदकाला उकड अशी हवी’ असे सांगितले.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेण्याचीही रीत आहे. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या एका बाजूची सारख्या जाडीची चकती कापायची. अशा अनेक ठिकाणच्या चकत्या एकत्र कालवून ढीग करायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर, आणि दोन्ही शिसपेन्सिलीने लिहिलेल्या, कारण शाई ओल्या मातीत विरघळते. माती उन्हात नव्हे, सावलीत वाळवायची. मी ती ओटीवर चटईवर पसरली आणि दुपारी येऊन पाहतो तो शेजारी आईने खारवलेले मासे मांडलेले! तो नमुना टाकून द्यावा लागला. क्षारता मोजायची आणि शेजारी मीठ!

पहिल्या खेपेस मी खाचरातून आठ नमुने घेतले. पायांना चिखल न लागता काम झाले म्हणून खूशही होतो. बाईंनी नकाशा मागितला आणि आठही जागांवर टिंबे देण्यास सांगितले. टिंबे दिली, आणि ती सगळी गावाकडच्या बांधालगत एका ओळीत उभी राहिली. बाई म्हणाल्या, ‘हे तुमच्या शेताचे नमुने नाहीत. तुमच्या चपलांचे आहेत.’ गावाकडचा बांध उंच, त्याच्यावरून पावसाचे गोडे पाणी उतरते, म्हणून तिथली माती धुतलेली. जिथे खाडीचे पाणी तुंबून राहिले होते त्या मधल्या सखल भागात मी पाऊलही टाकले नव्हते. चालायला सोपी ती जागा आणि जमिनीची खरी स्थिती सांगणारी ती जागा, या एकच असतील असे कोणी सांगितले आहे?

मग दुसऱ्या खेपेस वीस गुंठ्यांचे दहा मीटर बाजूचे वीस चौरस पाडले. (दहा मीटरचा चौरस म्हणजे जवळजवळ एक गुंठाच होतो. परदेशी चौकट आणि आपला गुंठा यांची ही गाठ मला फार आवडली.) वीस चिठ्ठ्या करून पातेल्यात टाकल्या आणि बाबांना आठ उचलायला सांगितल्या. हा काय पोरखेळ, असा त्यांचा चेहरा. त्यांच्या मते यातले काही करण्याची गरज नव्हती. त्यांनी मधल्या भागातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली आणि काहीच न बोलता बांधावर जाऊन बसले. मी विचारले तेव्हा एवढेच म्हणाले, ‘पानी परला का बघू.’ मी वहीत ते लिहिले नाही. लिहायला हवे होते.

आठांपैकी पाच चिठ्ठ्या सखल भागातल्या निघाल्या. एप्रिलचा महिना, वरची साय फुटली की खाली पाय रुतत होते. माती वाळवली, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली, एक भाग मातीला अडीच भाग शुद्ध पाणी घालून ढवळली आणि विद्युत्‌वाहकता मोजली. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते, एवढेच त्यामागचे तत्त्व. आकडा आला सरासरी २.८ डेसीसायमन प्रति मीटर. पुस्तकात लिहिलेले होते, की ४ च्या वर गेली तर जमीन खारवट समजावी. २.८ हे ४ पेक्षा कमी. मी त्याच रात्री घरी सांगून टाकले, की जमीन सुधारली आहे, भात होईल. बाबा काही बोलले नाहीत. दादांनी दुसऱ्या दिवशी बियाण्यासाठी आणि नांगरणीसाठी माणसे ठरवली, थोडी उचलही दिली.

मे महिन्यात अहवाल लिहायला बसलो तेव्हा त्या ४ या आकड्याखालची ओळ प्रथमच नीट वाचली. ही मर्यादा अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या हस्तपुस्तिकेतली, आणि ती आहे संपृक्त अर्काची. म्हणजे माती जेमतेम भिजून चकाकेल एवढेच पाणी घालायचे, तो लगदा गाळायचा आणि त्या अर्काची वाहकता घ्यायची. चिकणमातीच्या लगद्यात शंभर ग्रॅम मातीला साठ-सत्तर ग्रॅम पाणी मावते. मी घातले होते अडीचशे! तेच मीठ जवळजवळ चौपट पाण्यात विरघळवून मी त्याला दुसऱ्याच मापाने जोखले होते. पेलाभर ताकातले मीठ घागरीत ओतून ‘ताक अळणी आहे’ म्हणावे, तसे. प्रयोगशाळेतील साहाय्यकांच्या मदतीने उरलेल्या मातीचा संपृक्त अर्क काढला. आकडा अकराच्या आसपास आला. मास आणि हॉफमन यांनी १९७७ साली पिकांच्या क्षार सोसण्याच्या शक्तीचे जे कोष्टक दिले त्यात साध्या भाताची मर्यादा ३ आहे, आणि त्यापुढे प्रत्येक एककाला उत्पन्न सुमारे बारा टक्क्यांनी घटते. अकराला काय उरते, याचे गणित करायला वेळ लागला नाही.

अहवालात दुरुस्ती करणे सोपे होते, एक परिच्छेद खोडला. घरी सांगणे सोपे नव्हते. दोन दिवस मी टाळले. तिसऱ्या दिवशी रात्री सांगितले, की माझे माप चुकले, जमीन चौपट खारी आहे. काका म्हणाले, ‘शिकवायला पैसे भरले ते असे?’ दादा उचलीबद्दल काही बोलले नाहीत, ते जास्त लागले. बाबांनी फक्त विचारले, की मोजले कधी? एप्रिलात, असे सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, की मग ते बरोबरच आहे, चैत्र-वैशाखात जमीन मीठ वर ओढतेच.

त्यांच्या त्या वाक्याचा अर्थ मला पुस्तकांत पुढे सापडला. उन्हाळ्यात वरचे पाणी उडून जाते, खालचे बारीक छिद्रांतून वर चढते आणि मीठ वर आणून सोडते. पावसाळ्यात तेच मीठ धुऊन खाली आणि उघाडीवाटे बाहेर जाते. म्हणून खारजमिनीचा आकडा महिना न सांगता दिला, तर त्याला अर्थ नाही. कोकणात खारभाताची सगळी रीतच यावर उभी आहे : पहिल्या पावसाचे पाणी खाचरात कोंडून ओहोटीला सोडायचे, पुन्हा कोंडायचे, आणि मगच मोड आलेले बी फेकून रहू करायचा. काळा राता, भुरा राता ही क्षार सोसणारी जुनी वाणे याच जमिनींतली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे पनवेल येथे खारजमिनीसाठी स्वतंत्र संशोधन केंद्रही आहे आणि तिथून पनवेल १, २, ३ अशी भाताची वाणे निघाली आहेत.

हे वाचताना आणखी एक नाव भेटले, हॅरल्ड मान. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हे प्राचार्य. नीरा कालव्याच्या पाण्याने खारावलेल्या जमिनींवर त्यांनी तामणे यांच्यासह १९१० साली पुस्तिका लिहिली, आणि १९१७ साली पिंपळे सौदागर या गावचा जमिनीचा, पिकांचा, कर्जाचा घरोघर अभ्यास प्रसिद्ध केला. माती मोजणारा माणूस त्याच शिस्तीने माणसांचे संसार मोजायला गेला. अर्थशास्त्राच्या आमच्या मित्रांनी ते पुस्तक अवश्य पाहावे. त्या पिंपळे सौदागरात आज उंच इमारती आहेत, मीरा रोडसारख्याच. मानने मोजले नसते तर तिथे काय होते ते कशावरून सांगणार?

असो. दादांनी उचल बुडू दिली नाही. गावाकडच्या बांधालगतचे पाच गुंठे, म्हणजे माझ्या ‘चपलांचे नमुने’ जिथले, तेवढेच नांगरले आणि पनवेलकडून आणलेले बी रहू केले. उरलेल्या पंधरा गुंठ्यांत बाबांनी जूनपासून पाणी कोंडायचे आणि सोडायचे काम सुरू केले, तिथी बघून. मी त्याच आठ चौरसांतून जुलैत, ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरात माती घेतली, या वेळी संपृक्त अर्कानेच. पाच गुंठ्यांत भात झाला, फार नाही, पण झाला. सखल पाच चौरसांपैकी तीन सप्टेंबरात ४ च्या खाली आले, एक सहाच्या आसपास राहिला, आणि खाडीकडच्या कोपऱ्यातला तर जवळजवळ तसाच आहे. बांधाच्या खालून पाणी झिरपत असावे असा बाबांचा कयास. तो तपासायचा तर बांधाच्या दोन्ही बाजूंना उभ्या नळ्या पुरून भरतीच्या वेळी पाण्याची पातळी पाहावी लागेल. नळ्या आणल्या आहेत. येत्या अष्टमीला आतल्या बाजूच्या पुरू, आणि उधाणाला, अमावास्येच्या दुपारी, बाबा बांधावर बसून दर पंधरा मिनिटांनी मला वेळ सांगणार आहेत.